गराजमधली खडूची चौकट

शॉनी, ओक्लाहोमा
रविवार, ९ एप्रिल

प्रिय ग्रेडी,

इकडे सगळे ठीक. टेक्सासात तेलविहिरीवर तुझंही बरं चाललं असेल. आईची कंबर तशीच आहे. बाबा माझ्याशी कॉलेजबद्दल बोलत नाहीत, म्हणजे कशाबद्दलच बोलत नाहीत. बोलतात ते फक्त वादळाच्या तळघराबद्दल, कारण तसली तळघरं बसवणाऱ्या टोळीत मी हल्ली खड्डे खणतो. या घराला माझा तेवढाच उपयोग.

गेल्या मेमध्ये टोर्नाडो आला तेव्हा आईला बाथटबात निजवून वर गादी धरून बसलो होतो. तसं पुन्हा नको, यावर मात्र आमचं एकमत आहे.

तू फोनवर म्हणालास, गराजच्या जमिनीत पुरायची पोलादी पेटी घ्या. मी म्हटलं, परसात काँक्रीटचं घेऊ. ऐसपैस असतं, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. बाबा माझं ऐकायच्या बेतात होते, तेवढ्यात तुझी कॉरिन आली.

"परसापर्यंत तुझी आई पोचणार कशी रे? गारा पडतायत, हातात काठी. पाठुंगळी घेणार तू?"

"घेईन."

"घरात असलास तर. कॉलेज सोडलंस ते सोडलंस, अक्कल तरी ठेवायचीस."

आई हसली. बाबासुद्धा. मी हातातला पाना भिरकावला. गराजमधल्या तुझ्या होडीला पोचा आलाय, तो मी काढणार नाही.

मग बाबांनी गराजमध्ये पेटीच्या मापाची चौकट खडूने आखली आणि आत समोरासमोर दोन बाकं मांडली. ते आणि आई एका बाकावर. मला म्हणाले, "क्लेट, तू ग्रेडीच्या जागी बस. कॉरिनशेजारी."

"आणि माझी जागा?"

"ती बघू नंतर."

बसलो. तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला.

"ग्रेडी याहून रुंद आहे," ती म्हणाली. "जरा पसरून बस की."

पसरलो. तेवढा वेळ मी तू होतो, ग्रेडी. बाबा म्हणाले, "मावतायत," आणि सगळे उठले. मला उठवेना. ती वळून म्हणाली, "काय झालं?" पायाला मुंग्या आल्यात म्हटलं.

परसातलं का हवं होतं, ते आता कळलं असेल तुला. तिथे तुम्हा दोघांपासून लांब, कोपऱ्यात बसता आलं असतं. कॉलेज का सोडलं तेही कळेल. तुमचा साखरपुडा कधी झाला ते आठव. मला लांब बसता यावं म्हणून आईला गारांतून पळवायला निघालो होतो, आणि ते नेमकं कॉरिननंच अडवलं. तिचं बरोबर होतं, याचाच जास्त राग येतो.

गराजमधलीच घेतोय. पोलाद जाड आहे. दार सरकतं, त्यामुळे वर मलबा पडला तरी आतून उघडता येतं. बोल्ट मी स्वतः आवळीन. त्यात कसूर करणार नाही, एवढा विश्वास ठेव.

लग्नानंतर तुम्ही इथेच राहणार. वादळाचा भोंगा वाजला की आधी आईला उतरव, मग बाबांना, मग तिला. आणि माझी वाट न बघता दार ओढून घे. बाबा मला हाका मारत बसतील. ते माझ्यासाठी दार उघडं धरतील, त्यांच्याच्याने बंद करवणार नाही. तुझ्याच्याने करवेल.

तुझा, कारण दुसरं काय लिहितात ते ठाऊक नाही,
क्लेट