झुंबरबाईचे थकलेले देणे

मी, पंजाबराव आत्माराम काकड, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार दुसरबीड, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा, आज पाडव्याच्या दिवशी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. 'धंदा' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. शेतीला आपण आई म्हणतो, धर्म म्हणतो, आणि एकदा तसे म्हटले की हिशेब मागायची सोय राहत नाही. मी तिला आयुष्यभर धंदा म्हणालो आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. मरतानाही तेच म्हणणार.

डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगायचे ते सांगितले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मी काय लिहितो ते मला समजते. हे लिहिण्यासाठी कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. तसा दबाव आणू शकेल असे एकच माणूस आहे, तिचे नाव पुढे येणारच आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवले तर ते खोटे समजावे आणि दाखवणाऱ्याला बसवून चहा पाजू नये.

१. माझे वारस: पत्नी झुंबरबाई, थोरला मुलगा राजकुमार, जो जालन्याला नोकरी करतो, आणि धाकटा प्रेम, जो गावात शेती करतो. प्रेमची पत्नी सुचिता ही कायद्याने वारस नाही, पण या कागदात तिला काम आहे.

२. वडिलोपार्जित सहा एकरांची वाटणी मी हयातीतच करून दिली. दोघांचे सातबारे वेगळे झाले, त्यावर आता माझे काही म्हणणे नाही. महामार्गामुळे भाव चढले तेव्हा राजकुमारने आपला हिस्सा प्लॉटवाल्याला विकला आणि मोटार घेतली. तो त्याचा अधिकार होता. मोटारीचा वर्षाचा घसारा किती धरलास, एवढेच मी विचारले. तो म्हणाला, "बाबा, सनासुदीले तरी सोडत जा."

३. हे मृत्युपत्र आहे ते बीबी गावाच्या रस्त्याकडील दोन एकरांसाठी आणि त्यातील विहिरीसाठी. ही जमीन मी स्वतः खरेदी केलेली आहे. गेल्या दिवाळीत जेवणाच्या ताटावर राजकुमार म्हणाला, "आईले काय कमी पडनार हाय? सा महिने माह्याकडं, सा महिने प्रेमकडं. तो तुकडा इकून टाकू अन् निम्मे निम्मे घेऊ." प्रेम खाली मान घालून जेवत राहिला, म्हणजे त्यालाही ते मान्य होते. झुंबरबाई त्याच वेळी दोघांच्या ताटात भाकर वाढत होती. जेवण झाल्यावर मी हिशेबाची वही काढली. मी वही काढली की आमच्या घरात सगळे घाबरतात, आणि ते बरोबरच आहे.

४. आमच्या भागात ही पाळीची रीत जुनी आहे. माझे वडील वारल्यावर थोरल्या बंधूंनी वाटणीपत्र लिहून आणले. त्यात बैल आले, गाय आली, विहिरीचे पाणी आठ-आठ दिवस असे आले, आणि त्याच्याच खालच्या ओळीत आमची आई रुखमाबाई सहा-सहा महिने अशी आली. ज्या अक्षरात पाणी लिहिले त्याच अक्षरात आई. मी ती ओळ खोडली आणि मगच सही केली. बंधू म्हणाले, "खोड, खोड. खानारं तोंड तुह्याच घरी वाढलं." आई शेवटपर्यंत बारा महिने माझ्याकडे राहिली. बंधू हयात आहेत, देव त्यांना आणखी आयुष्य देवो. माझ्या मिळकतीतून त्यांना त्या वाटणीपत्राची एक झेरॉक्स द्यावी. खोडलेली ओळ स्पष्ट दिसेल अशी काढावी.

५. आता हिशेबाविषयी. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. गड्याचा हिशेब चार लोकांत होतो, मग मालकाचा का होऊ नये? म्हणून मी दर पाडव्याला माझ्या शेतीचा वर्षाचा जमाखर्च मारोतीच्या ओट्यावरून माईकवर वाचत आलो. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, सोसायटीचे कर्ज, सोयाबीन कोणत्या भावाने गेले, घरातले सोने गहाण पडले असेल तर तेही. लोक म्हणाले, पंजाबराव घराची अब्रू भोंग्याला टांगतो. मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो: आपण आकडा लपवतो म्हणून आपल्याला कोणीही आकडा सांगून जातो. एक क्विंटल कापूस पिकवायला किती खर्च आला हे ज्याला सांगता येत नाही, त्याने भाव पडला म्हणून रडू नये. आधी आकडा आणा, मग मोर्चा आणा. आकड्याशिवाय निघालेला मोर्चा म्हणजे वरात, आणि तीही दुसऱ्याच्या लग्नाची.

१९९८ च्या पाडव्याला मी गावाला 'घसारा' हा शब्द समजावून सांगितला. अवजार झिजते, बैल म्हातारा होतो, ती झीजसुद्धा खर्चात धरली पाहिजे, नाहीतर नफा खोटा. बैलजोडीचा घसारा मी माईकवर वाचला. माणसांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बायकांमधून झुंबरबाई उभी राहिली.

"अजी, एक इचारू का?"

मी म्हणालो, विचार.

"बैल झिजला ते तुमी लिवलं. अन् मी झिजली ते कोन्या पानावर हाय?"

ओटा हसला. माईकवाला नजीर शेख तर इतका हसला की भोंग्यातून शिट्टी निघाली. जिल्हाभर मी भाषणे केली, मंत्र्यांना अडवले, बाजार समितीत कडत्याच्या नावाखाली क्विंटलमागे दोन किलो माल कापत होते ते बंद पाडले. कुठेही मला माझा हिशेब दुरुस्त करावा लागला नाही. त्या दिवशी करावा लागला. मी माईकवरच जाहीर केले की पुढील वर्षापासून झुंबरबाईची मजुरी खर्चात धरली जाईल.

६. पुढच्या वर्षी मी ती बाईच्या निंदणीच्या दराने धरली. ती पुन्हा उभी राहिली.

"निंदन बाईचं, मान्य. पन पानी देल्लं, बैलं हाकली, ते गड्याचं काम व्हय. तेथं गड्याचा भाव लावा."

लावला. मजुरी रोख घेतेस का असे विचारले तर म्हणाली, "घिऊन काय करू? शेतातच राहू द्या. पन सोसायटीले याज देता, तं मले काऊन नाही?" त्या वर्षापासून व्याजही सुरू झाले, सोसायटीच्या दराने. अशा रीतीने जी रक्कम मी खर्च म्हणून लिहायला घेतली होती ती भांडवल झाली. बीबी रस्त्याकडील जमीन घेताना बँकेने हात वर केले तेव्हा शेतात जो पैसा होता, तो हिचा होता. आमच्या शेतीला सर्वांत मोठे कर्ज बँकेने दिले नाही, सोसायटीने दिले नाही, सावकाराने दिले नाही. जिने दिले तिला आपण घरची बाई म्हणतो आणि तिचा आकडा शून्य लिहितो. देशाची शेती परवडते असे जे सांगतात, त्यांचे गणित या शून्यावर उभे आहे.

कर्जाची कबुली वेळेत दिली नाही तर ते कायद्याने मुदतबाह्य होते, हे मी वाचून ठेवले होते. म्हणून दर पाडव्याला आकडा वाचून झाला की मी त्याखाली 'देणे मान्य' असे लिहून सही करत आलो. ओटा दरवर्षी हसला. राजकुमारही हसायचा, कॉलेजात असताना मित्रांना घेऊन यायचा. हसणाऱ्यांपैकी एकानेही कधी आकडा चुकला असे म्हटले नाही.

७. म्हणून माझी इच्छा नव्हे, तर माझे देणे असे: मयताच्या मिळकतीतून आधी कर्ज फिटते आणि उरेल ते वारसांना जाते. माझ्यावर सोसायटीची बाकी नाही, बँकेची नाही. बाकी आहे ती एकटीची. मध्ये दोनदा तिच्या सांगण्यावरून परस्पर दिलेली उचल वजा करून आजच्या पाडव्याला झुंबरबाईचे येणे चौदा लाख बासष्ट हजार रुपये आहे. बीबी रस्त्याकडील दोन एकर, पिकाच्या जमिनीच्या भावाने, चौदा लाखांचे होतात. ती जमीन विहिरीसह तिच्या मालकीची व्हावी आणि वरचे बासष्ट हजार माझ्या बँकेतील ठेवीतून तिला द्यावेत. प्लॉटच्या भावाने ही जमीन कोणी मोजू नये. पिकाच्या जमिनीत जिची मजुरी मुरली, तिचे देणे पिकाच्याच मापाने फिटेल. त्यावरही प्लॉटचाच भाव धरायचा कोणाचा हट्ट असेल, तर भावातला फरक मी तिला राजीखुशीने देतो, कारण जमीन माझी आहे आणि सही माझी आहे.

तिला हे विधवा म्हणून मिळत नाही. धनको म्हणून मिळते. विधवेला पोसतात, धनकोचे पैसे चुकते करतात. दोन्हींतला फरक माझ्या मुलांना कळावा म्हणून मी हा कागद लिहिला.

८. मसुदा मी दोघांना वाचून दाखवला. राजकुमार म्हणाला, "बाबा, हे कागदी पैसे हायेत. आईनं कधी हातात घेतले का?" मी विचारले, तुझ्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापतात, तो तू हातात घेतोस का? तो उठून गेला आणि पुढच्या महिन्यात फोन केला नाही. दाव्याची धमकी त्याने दुसऱ्याकरवी पाठवली आहे. त्याला माझे उत्तर असे: बेटा, खुशाल कर. सत्तावीस पाडव्यांचे साक्षीदार म्हणून अख्खे गाव कोर्टात येईल, आणि तू हसत होतास हेही सांगेल.

९. घर दोन्ही मुलांना सारखे, मात्र झुंबरबाई हयात असेपर्यंत त्यात तिचा हक्क राहील. बँकेत उरेल ती ठेव दोघांना निम्मी. पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. माझ्या खुणा आणि कडेला लिहिलेली भांडणे खोडू नयेत.

माईक, भोंगा आणि हिशेब वाचण्याचे काम सुचिताला. गेल्या पाडव्याला मला धाप लागली तेव्हा अर्धा जमाखर्च तिनेच वाचला. कोणीतरी मागून ओरडले, "आता सुना भोंग्यावर!" ती थांबली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, तुमचा हिशेब आना, तोही वाचते." त्याच क्षणी हे कलम ठरले. भोंगा घरघरतो अशी माझी तक्रार होती. नजीरने तपासून सांगितले, "भाऊ, डबा चांगला हाय. आवाज तुमचा फाटला." तरी त्याने वायर बदलून द्यावी. या कागदाची अंमलबजावणीही सुचितानेच करावी.

माझी तेरवी करू नये. करायचीच असेल तर तिचा खर्च कोणत्या खात्याला टाकला ते पुढच्या पाडव्याला माईकवर सांगावे.

१०. शेवटचे आणि सर्वांत पक्के. झुंबरबाई कोणाच्याही घरी पाळीने राहणार नाही. तिच्या शेतात आखाडा, म्हणजे राहण्याजोगी खोपी आहे, विहीर आहे, आणि घरात तिचा हक्क आहे. मुलांना तिच्याकडे यायचे असेल तर महिने ती ठरवून देईल. पाळी लागलीच तर ती मुलांची लागेल.

हे सर्व मी आज मारोतीच्या ओट्यावर, माईकवर, धाप घेत घेत पण पूर्ण वाचले आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत सह्या केल्या. दोघांनाही यात दमडीचा फायदा नाही.

(सही) पंजाबराव आत्माराम काकड

साक्षीदार:
(सही) नजीर शेख, माईकसेटचा व्यवसाय, दुसरबीड
(सही) धम्मरत्न इंगळे, निवृत्त शिक्षक, साखरखेर्डा

स्थळ: दुसरबीड
दिनांक: ३० मार्च २०२५, चैत्र शुद्ध प्रतिपदा

धनकोने आकडा तपासून स्वतःच्या अक्षरात लिहिलेला शेरा:

आजलोकचा हिशेब बराबर हाय. मानूस अजून जित्ता हाय, म्हनून उद्यापासूनची मजुरी चालू.

(सही) झुंबरबाई पंजाबराव काकड