जिभेचा उपास

चि. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. प्रभूच्या कृपेनं इकडे सगळे धडधाकट. तुझा गुडघा काय म्हणतो? आणि भावोजींचा खोकला गेला, की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे? अक्षर वाकडं आहे, गोड मानून घे. शाळेत मी किती दिवस टिकले ते तुला माहीतच आहे.

दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासाला मी साखर सोडते. (आणि मध खाते. हे फादरांना बोलू नकोस.) यंदा सूनबाई म्हणाली, "आई, सोडायचंच तर बोलणं सोडून दाखवा." थट्टाच केली तिनं, पण मला झोंबली. म्हटलं, बघच आता. रविवारी उपास नसतो, तो प्रभूच्या आनंदाचा दिवस. बाकी सहा दिवस मी मुकी. खुणा करून नातीकडे आमटीचा डाव मागितला तर पोरीनं झाडू आणून दिला, पण मी हूं की चूं केलं नाही. घरात इतकं शांत झालं की मोरीतला नळ गळतो हे मला त्या दिवशी कळलं. सून म्हणते, तो वर्षभर गळतोय.

आणि मग जेवताना हे बोलले. हो, आमचे हे. जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या, दिवसभर कानाशी चाकाची घरघर, त्यामुळे घरी आल्यावरही गप्पच असायची सवय लागली असं मी सगळ्यांना सांगत आले. पहिलं वाक्य काय, तर "मीठ कमी आहे." अगं, ह्यांना मीठ कमीच आवडतं, हे लग्नापासून मीच गावभर सांगतेय. मग रोज काहीबाही बोलायला लागले. नात तर ताट वाळलं तरी ह्यांच्यासमोरून हलेना.

रविवार आला आणि मी आठवड्याची साठवण एका दमात ओतली, चहापासून दिवेलागणीपर्यंत. हे पुन्हा भिंतीसारखे. म्हटलं, ईस्टरनंतर रोजच रविवार, मग ह्यांचं काय? फादरांना विचारलं. ते हसून म्हणाले, "आजी, उपास सोडताना पहिल्याच घासाला कुणी परात रिकामी करत नाही."

काल नातीनं ह्यांना विचारलं, आजोबा, तुम्ही आजीला पहिल्यांदा कुठं पाहिलंत? हे म्हणाले, दुकानात. वडिलांचा चष्मा न्यायला आली होती आणि सारखी बोलत होती. चाकाच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी चाक थांबवलं. काच अर्धवट राहिली, वाया गेली, मालकानं झापलं. पण ऐकलं सगळं.

धाकटे, मी समोरच बसले होते. तोंडात एवढं दाटून आलं होतं, पण उपास. मी आपली मिठाची वाटी ह्यांच्याकडे सरकवली. ह्यांनी चिमूटभर घेतलं आणि वाटी परत माझ्याकडे सरकवली. आजवर माझ्याशी इतकं कुणी बोललं नसेल.

तेव्हा ठरवलंय, उपासात आनंदाचा एक दिवस असतो, तसा आनंदाच्या दिवसांतही उपासाचा एक दिवस ठेवायचा. ईस्टरनंतरही दर शुक्रवारी माझं चाक बंद.

भावोजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी
थोरली

ता. क. ईस्टरला आम्ही तुझ्याकडे येतोय. ह्यांच्या ताटात मीठ नीट घाल, आणि आपल्या दोघींना टेबलाच्या दोन टोकांना बसव. जवळ बसलो तर ह्यांचंच काय, भावोजींचंही तोंड उघडायचं नाही.

ता. क. आज शुक्रवार. तोंड बंद आहे, हाताला बंदी नाही, म्हणून हे पत्र. आत्ता हे मागून डोकावले, कागदांची चळत पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे चाक चालूच आहे." आणि तिथंच खुर्ची ओढून बसलेत, मी पुढं काय लिहिते ते वाचायला.