तांदळाच्या डब्यातली बाटली

सबिना,

तुझी गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात दिसली नाही म्हणून घाबरू नकोस. मीच काढली होती. आता फ्रीजवर आहे.

रोजे चालू असताना तू रोज अकराला दार लावून पाणी पितेस, हे आठ दिवस बघते आहे. आधी वाटलं, दिवस गेले असतील. पण मग बाटली लपवतेस कशाला? साठीत मराठी अक्षरं गिरवली मी, इंग्रजी येत नाही. म्हणून आज सकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलात नेली.

दुकानातला पोरगा अभिनंदन हळूच म्हणाला, "आजी, एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून देत्यात ह्या. धोका झाल्यापास्नं बहात्तर तासांत चालू करायच्या, अठ्ठावीस दिवस. एकबी चुकवायची न्हाय. कुणाच्या हायत?"

मागं शेजारची हुस्ना कान देऊन उभी. मी म्हटलं, "माझ्याच हायत की!" आता ती गल्लीभर सांगेल. सांगू दे.

तुला दवाखान्यात ड्यूटीवर कुणा पेशंटची सुई टोचली, की तुझ्या नवऱ्यानं, माझ्या अझीमनं, बाहेर काही दिवे लावलेत? मुरगूडला कामाला गेल्यापासून त्याचं लक्षण मला ठीक दिसत नाही. त्याला तोंडावर विचारायला साडेदहाच्या गाडीनं निघाले आहे. सुईच असेल, तर कागल यायच्या आत फोन कर. मी तिथूनच परत फिरेन.

नाईटवरून आलीस की अकराची गोळी आधी घे. औषधासाठी रोजा मोडला तरी माफ असतो, दार लावू नकोस. तुझ्यासाठी मी रोज्यात खोटं बोलले. तू मला खरं सांग.

अम्मी