करड्या काठाचं पाकीट

वेस्टरवीर, ९ फेब्रुवारी २०१५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर चौथ्या वाक्याला तू फोन आपटतेस, म्हणून बाबांच्या हुकमाप्रमाणे हे पत्र. त्यांना जिना उतरायला आता पाव तास लागतो, पण उतरतात आणि खिडकीपाशी बसून रिकाम्या टेबलांकडे बघत राहतात. हमरस्त्यावर नवं हॉटेल झाल्यापासून आपल्याकडे दिवसाला पाच-सहा माणसं. विकून टाकू या म्हटलं, तर म्हणाले, चाळीस वर्षं या गावातल्या प्रत्येक मयतानंतरची कॉफी मी वाढली. माझ्या वेळी याच खोलीत ऐंशी माणसं बसली पाहिजेत, मग विक नाहीतर जाळ.

म्हणून जाहिरात काढली. सहाशे पत्रकं छापली आणि खर्च संपला असं समजलो. पण निम्म्या गावाच्या टपालपेट्यांवर 'जाहिरात नको' अशी चिकटपट्टी आहे. तिथे नाव-पत्ता घातलेलं पाकीटच चालतं. पाकिटं घेतली, वाढणाऱ्या मुलींकडून पत्ते लिहून घेतले, त्यांना मजुरी दिली. मग टपालात कळलं की मी हौसेने घेतलेलं जाड कार्ड वीस ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे प्रत्येकावर दोन तिकिटं. एवढं करून तीन माणसं आली. त्यातलं एक वाट विचारायला.

लोभ आहेच, तो फोन करून तपासू नये.

तुझा,
वोबे


झ्वोल, १६ फेब्रुवारी

चि. वोबे यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसले, आणि बाबांचं आठवून हसल्याची लाज वाटली. त्यांनी कधी कुणाला तिकीट लावून बोलावलं होतं? ते दारात उभे राहायचे आणि येणाऱ्याच्या गाईचीसुद्धा चौकशी करायचे. माणसं पोट घेऊन येतात हे खरं, पण आपल्याला कुणी ओळखावं म्हणूनही येतात. तू सूप पातळ केलंस, मासा स्वस्तातला आणलास, आणि आता टपालखात्याच्या नावाने रडतोस. दर रविवारी मी चर्चमध्ये उभी राहून लोभाविरुद्ध घसा कोरडा करते. एकदा गावी येऊन तुझ्या स्वयंपाकघरात बोलायला हवं.

शिवाय पन्नाशी आली तरी तुला गाव कळलं नाही. तिथली माणसं दोनच पाकिटं उभ्या उभ्या फोडतात, कराचं आणि मयताचं. मयताच्या करड्या काठाच्या पाकिटासाठी तर पोस्टमन सोमवारीसुद्धा येतो, एरवी सोमवारी टपाल बंद. बाकी सगळं रद्दीत. तेव्हा कुणी मेल्याशिवाय तुझी जाहिरात वाचली जायची नाही.

बाबांना माझा नमस्कार. जूनच्या शेवटी येते. लोभ आहे, फार ताणू नकोस.

तुझी,
गेर्ब्रिख


वेस्टरवीर, १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे उपकार कसे फेडू? करड्या काठाची सहाशे पाकिटं घेतली, त्यावर मयताचं तिकीट, आणि सोमवारी पोचतील अशी टाकली. पेटीत दुसरं काहीच नाही, माझं एकट्याचं पाकीट. आत लिहिलं, 'अत्यंत दुःखाने कळवतो की आमचं जुनं मेन्यूकार्ड आम्हाला सोडून गेलं. शनिवारपासून नवं.'

शनिवारी त्रेसष्ट माणसं आली. बेकरीवाल्या फोकेलमावशीने नुसता काठ आणि आतला 'शनिवार' बघितला, बाकीचं न वाचताच रडत केक भाजला आणि काळा कोट घालून आली. बाबा खिडकीत दिसल्यावर म्हणाली, योरित, तू बसला आहेस होय, मग केकचे पैसे काढ. सगळे हसले. बाबाही हसले, जरा उशिरा. वर जाताना त्यांनी विचारलं, यातली जेवायला किती आली आणि माझ्यासाठी किती? मी म्हटलं, मोजली नाहीत.

एक खर्च मात्र धरला नव्हता. चौघांनी पुष्पचक्रं पाठवली होती. ती मी परत केली, तर फुलवाल्याने बिल मलाच लावलं.

बाबांनी त्यांच्या स्वतःच्या मयताच्या कार्डाची शेवटची ओळ आत्ताच लिहून ठेवली आहे. काय ते सांगणार नाही, वेळ येईल तेव्हा वाच.

ईस्टरनंतर पुन्हा एक पाकीट काढतो. लोभ असावा, आणि तुलाही एक पाठवीन.

तुझा,
वोबे


झ्वोल, २१ एप्रिल

वोबे यास,
आशीर्वाद देते, कारण आईने तसं शिकवलं.

काल सोमवारी पेटीत करड्या काठाचं पाकीट, वर तुझं अक्षर. जिन्यातच बसले. दहा मिनिटं ते फोडायचं धाडस होईना. मनातल्या मनात बाबांना अंघोळ घातली, कोट चढवला, पेटीत निजवलं. मग फोडलं. आत कोकराच्या मटणाला निम्मी किंमत.

तू तिकिटांचे पैसे मोजतोस, पाकिटांचे मोजतोस. या दहा मिनिटांचं बिल कुणाला पाठवू? मरणाऱ्या माणसाला गावाकडून एकच गोष्ट हवी असते: आपली बातमी आली की शेजाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. गरिबाला ती मिळते, दारुड्याला मिळते, सावकारालाही मिळते. तेवढा एक विश्वास या गावात फुकट होता आणि तू तो सुपाबरोबर विकलास. घरोघर जाऊन माफी माग. मागेपर्यंत मला फोन करू नकोस. तुझा आवाज आला की मी ठेवीन.

लोभ सध्या बंद आहे.

गेर्ब्रिख


वेस्टरवीर, १६ जून

ती. ताईस,
सा. न.

तू आली नाहीस.

मी ऐंशी कप मांडले. सात माणसं बसली, त्यात चर्चमधले तुमच्या पेशातले एक आणि पेटी उचलणारे चार. फोकेलमावशीसुद्धा नाही. ती परवा रस्त्यात भेटली. म्हणाली, तिसरं पाकीट बघून वाटलं, आता मासा स्वस्त केला असेल. न फोडताच टाकलं. मग तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. उरलेला केक मी डुकरं पाळणाऱ्या हायोला दिला. आपलं हॉटेल हमरस्त्यावालाच घेतो आहे.

गावाचं मी समजू शकतो. तुझं नाही. बाबा गेले त्या शनिवारी मी फोन केला होता. ताई, एवढंच म्हणालो आणि तू ठेवलास. दुसऱ्यांदा केला नाही. तेवढा ताठा मलाही आहे, आणि कार्डात सगळं होतंच. दर रविवारी क्षमेवर बोलणारी बाई बापाच्या मयतालाही राग सोडू शकत नाही, हे बघायला ते नव्हते, बरं झालं. तुझी खुर्ची मी पाच वाजेपर्यंत खिडकीपाशी ठेवली होती.

लोभ उरला असेल तर ठेव. नसेल तर तसं कळव.

वोबे


झ्वोल, १८ जून

चि. वोबे यास,
अ. उ. आ.

बाबा गेल्याचं मला तुझ्या पत्रातून कळलं.

मी रागाने थांबले नव्हते. शुक्रवारी दुपारी मी बागेत शेंगा तोडत होते. तुझं पत्र वाचल्यावर खाली गेले. इथे रद्दी महिन्यातून एकदा नेतात, उद्या नेणार होते. पाकीट वर्तमानपत्रांखाली होतं, न फोडलेलं. ते पेटीतून काढून मीच तिथे टाकलं होतं, काठ आणि तुझं अक्षर बघून. जिन्यात बसायचीसुद्धा गरज वाटली नव्हती.

मयताचंच पाकीट फोडतात, हे वाक्य माझं होतं. तू त्याला फक्त तिकीट लावलंस.

आता फोडलं. तारीख आहे, वेळ आहे, शुक्रवार दुपारी तीन. शेवटची ओळ बाबांच्या वाकड्या अक्षरात तशीच छापली आहेस: 'कॉफी माझ्याकडून. यायचं.'

ताई