तुतीच्या पानामागची भुरी

केडगाव, मंगळवार, दिवेलागण

शेडमध्ये आज कुरकुर नाही. रेशमाच्या अळ्या पाला खाताना येणारा तो आवाजच नाही.

आठवडाभर तुतीच्या पानामागं पांढरी भुरी होती. बुरशी लागलेल्या पानाला अळ्या तोंड लावायच्या अन् सोडून द्यायच्या. सासऱ्यांना, आबांना, ते बघवलं नाही. मला न विचारता त्यांनी भुरीचं औषध मारलं, तेही शेवंतीवर किडीचं औषध मारायच्या पंपानं. "धुतला व्हता की चांगला," म्हणतात. आयुष्यभर त्यांनी पान किडीपासून वाचवलं. इथं पान किडीसाठीच लावलंय, हे त्यांच्या हाताला कसं कळावं? रागावू तरी कशी?

सकाळी तो पाला टाकला. दुपारी अळ्या माना वर करून डोलायला लागल्या, हिरवं ओकायला लागल्या.

बांधाकडची तुती फवारायची राहिली होती. जगल्या तेवढ्यांना तोच भुरीचा पाला घातला. आता मुकाट्यानं खातायत. पण आवाज व्हायला अळ्या उरल्यात कुठं?

आबांना ऐकू कमी येतं. मघापासून दाराशी बसून विचारतायत, "खात्यात का गं? आवाज येतोय का?"

"व्हय आबा," म्हटलं, "येतोय."