पाचवीचा कागद

२७ एप्रिल
संगीता बाळंत झाली. मुलगी, दोन किलो दोनशे. ऊसतोडीहून येऊन आठच दिवस झालेत, नऊ महिन्यांत तपासणी दोनदा. दवाखान्यातच कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह. तिला गावच्या शाळेत, विलगीकरणात ठेवलं, बाळ सासूकडे, कौसाबाईकडे. गावची आशाताई म्हणून मीच बजावलं: चौदा दिवस अंगावर पाजायचं नाही.

२९ एप्रिल
सर्व्हे, ६० घरं. मागच्या साली आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आता ओसरीवर चढू देत नाहीत.
शाळेच्या खिडकीत संगीता. पोलकं भिजलेलं. "ताई, पोरगी तिकडं उपाशी अन् हितं दूध वाया चाल्लंय. कावून पाजू न्हाई?" तिलाच दम भरून आले.
कौसाबाई गाईच्या दुधात पाणी घालून चमच्यानं पाजते.

१ मे
पाचवी. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येणार, म्हणून कौसाबाईनं कोरा कागद अन् पेन मागितलं. कोरा कुठला? सर्व्हेचा फॉर्म उलटा करून दिला. मागे ताप, खोकला, ऑक्सिजन. पूजेला आई नाही.

४ मे
बाळाला जुलाब. वजन एक किलो नऊशे. उपकेंद्रातल्या नर्सबाई माझ्यावरच कडाडल्या, "आईचं दूध कुणी तोडलं?" मास्क लावून, हात धुऊन पाजायचं असतं. आशांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवलं होतं म्हणे. उघडून पाहिलं. होतं. सर्व्हेच्या फोटोंच्या ढिगात. मी वाचलंच नाही. घाबरले आणि मनानंच ठोकून दिलं.
कौसाबाईला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "सटवाईनं लिव्हलं तसंच व्हणार. तू काय करशील, पोरी?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सटवाईनं काही लिहिलं नाही. कागद मी स्वतः पाहिला, कोराच आहे.

५ मे
मोठ्या दवाखान्यात जागा नाही, उद्या बघू म्हणाले. नर्सबाई म्हणाल्या, तोवर आईपाशी द्या.
बाळ शाळेत नेलं. संगीतानं मास्क बांधला, हात दोनदा धुतले. छाती बसलीय, दूध आटलंय. बाळ ओढतं, दमतं, रडतं. रडण्यातही जोर नाही.
"ताई, दूध यील ना?"
येईल म्हणाले. याही वेळी कुणाला न विचारता.