‘आवरणे’चं इंग्रजी

झरी, ३ फेब्रुवारी १९४१

आजचा इंग्रजी शब्द ‘रिफ्रेन’. कावेरीला अर्थ दिला — आवरणे. पुढे ‘फ्रॉम’ लागतो, हे सांगायचं राहिलंच. चार वर्षं पेन्शन खाऊन मास्तर गंजला!

सुनेनं सासऱ्याशी समोर बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून पाटी. मी शब्द लिहून उंबऱ्यावर ठेवतो, ती त्याचं वाक्य करून परत ठेवते. कावेरीचा नवरा, आमचा बापू, गेला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून हे चाललंय. गंगाखेडला मुलींच्या शाळेत जागा निघाली, तेव्हा तिचा अर्ज मीच लिहिला. इंग्रजी येतं, असंही मीच ठोकून दिलं.

४ फेब्रुवारी

पाटीवर वाक्य — आय रिफ्रेंड द किचन. म्हणजे बाईंनी स्वयंपाकघर आवरलं! हसू फुटलं ते थांबेचना. आतून आमच्या हिचा आवाज, ‘काय हसायलाव? पोरगी रडायलीय चुलीपुढं.’

चूक तिची नाही. मन आवरायचं आणि घरही आवरायचं, दोन्हीला आपल्याकडे शब्द एकच. त्याला ती काय करणार? मलाच हसू आवरलं नाही.

५ फेब्रुवारी

पाटी कोरी.

७ फेब्रुवारी

मीच लिहिलं — आय डिड नॉट रिफ्रेन फ्रॉम लाफिंग. खाली मराठीत, चुकलो. संध्याकाळी पाटी परत आली. ‘फ्रॉम’खाली रेघ ओढलेली, बाकी काही नाही. फार बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

गंगाखेडचं पत्र आलं. कावेरीला घेतलंय! एक मार्चला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला.

डाकवाल्याकडून मीच घेतलं. शब्दकोशात ठेवून दिलं. कोणाला बोललो नाही.

१५ फेब्रुवारी

अजून बोललो नाही. ही म्हणते, ‘पत्र आलं न्हाई ते बरंच झालं. मला डोळ्यानं दिसत न्हाई. घराचं कोन बघनार?’ मी मान हलवली.

माझं कारण तेही नाही. ती गेली की पाटी बंद. या घरात माझ्याशी दुसरं कोण बोलतं? लिहितानाही लाज वाटते. तरी पत्र बाहेर काढवत नाही.

२२ फेब्रुवारी

उद्या देतो.

२६ फेब्रुवारी

बाजारातून आलो. माझ्या टेबलाला घरात कोणी हात लावत नाही, पण आज ते लख्ख. दौत भरलेली, टाक पुसलेला, पुस्तकं एकावर एक. शब्दकोश सगळ्यात वर. उघडला. पत्र नाही.

आत ट्रंक ओढल्याचा आवाज.

मधोमध पाटी — आय रिफ्रेंड युवर टेबल.

‘फ्रॉम’ कुठे लागतो, ते तिला पक्कं ठाऊक आहे.